उलटी चढणारी आयकॉन

आरटीओत पासिंगच्या रांगेत माझ्या पुढे दोन जुन्या गाड्या होत्या. पहिली शेंद्र्याच्या बन्सीकाकांची फोर्ड आयकॉन, दुसरी मंदार नावाच्या इंजिनिअरची. दोघं खाली उतरून बोलत होते.

“काका, ही अजून चालते? भंगारात देऊन टाका.”

“दहा सालची हाय, लई शहाणी. नव्व्याण्णवला हे मॉडेल हितं आलं. कंपनी अमेरिकन, पण डिकी खास आपल्यासाठी लावली. घरच्या गाडीला डिकी पाहिजे ना आपल्याला.”

“अकरा साली हे मॉडेल बंद झालं. एकवीसला कंपनीनं इथला कारखानाही बंद करायचं ठरवलं.”

“कारखाना गेला, दादा. गाडी माझ्याकडं हाय.”

“इन्स्पेक्टरकडं जायचा तो चढ बघा. टँकर सांडलाय, नुसता चिखल. कशी चढवणार?”

“रिव्हर्सनं.”

“म्हणजे?”

“हिला पुढची चाकं ओढतात. नाक वर केलं की वजन मागं जातं अन् पुढची चाकं नुसती फिरतात. उलटी घातली की वजन त्याच चाकांवर येतं. फर्दापूरला चिखलाच्या चढावरनं पाव्हणे सोडायचो, तवा शिकलो.”

“इन्स्पेक्टर हसेल, काका. मी सरळच नेणार.”

“न्या. तुमचीबी पुढूनच ओढती, एवढं ध्यानात असू द्या.”

आयकॉन उलटी सरळ वर गेली. मंदारची अर्ध्यात अडकली आणि चाकं जागच्या जागी चिखल उडवू लागली.

“काय हो, गाडी उलटी का आणली?” वर इन्स्पेक्टरनं काकांना विचारलं.

“जरा दम धरा, साहेब. मागचीबी आता तशीच येईल.”