नानांची निगेटिव्ह

ग्रहणाला चष्मा कशाला विकत घेतो, असं नाना म्हणाले आणि मी ऐकलं, तिथंच फसलो बघा. नाना म्हणजे पिंप्राळ्यातले आमचे शेजारी. पूर्वी भडगावला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गच्चीवर त्यांनी मला एक मोठी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह दिली.

"हिच्यातून बघ. काही होत नाही."

निगेटिव्हमध्ये कुणा म्हाताऱ्याचा चेहरा होता. मी ती वर धरली, सूर्य त्याच्या डोळ्याआड आला आणि ऊन भसकन माझ्या डोळ्यात घुसलं.

"नाना, याची बुबुळं आरपार आहेत!"

"मयतना फोटो शे तो, भाऊ. घरच्यांना डोळे उघडे पाहिजे होते, म्हणून मीच मिटल्या पापण्यांवर ब्लेडनं बुबुळं खरवडली. निगेटिव्हवर खरवडलं, की फोटोत काळं उमटतं."

तेव्हापासून मी हा ऊन लागलेला डोळा मिटला, की आत त्या मयताचा उघडतो.