खुंटी कुठाय?

...न्हाई, मशीन वाईट हाय असं मी म्हनतच न्हाई. मशीन ब्येस हाय, चकचकीत हाय, हर्षलबी मानूस गुनाचा हाय, पन तुमाला सांगतो, त्याला खुंटीच न्हाई की हो! वरून बघितलं, बाजूनं बघितलं, पालथं घालून बघायला गेलो तर हर्षल वरडला, “नाना, नाना, पडेल!” आता एवढं हातभर रुंद आन दोन हात लांब वाजायचं यंत्र, आन सुराला लावायला खुंटी न्हाई, म्हंजे बैलाला येसनच न्हाई की, आवरायचं कसं? मी आपलं हळूच इचारलं, “हर्षलभाऊ, खुंटी कुठाय?” तर म्हनला, “सेटिंगमध्ये आहे नाना.” आता हे सेटिंग कुठल्या तालुक्यात आलं?

बसा, सांगतो समदं. मला घाई न्हाई, तुमाला असली तर बसून करा.

मी वैजनाथ. कर्जतच्या पल्याड आमचं गाव, थोडं ज्वारीचं रान, आन चाळीस वर्सं झाली, जागरनाच्या पार्टीत तुनतुनं वाजवतोय. गाती आमची मालकीन, गोजरबाई. मी तिच्या मागं उभा. चाळीस वर्सं मी तिची पाठच बघतोय म्हना की! तोंड बघायला मिळतं ते घरी, तवा ते रागावल्यालं असतं.

तुनतुनं म्हंजे काय मोठं न्हाई. लाकडाचा डबा, बुडाला कातडं, बाजूला दांडी, दांडीला खुंटी, आन एक तार. एकच! तिच्यात सा न्हाई, रे न्हाई, गाणाराचा जो सूर त्यो तिचा सूर. तुंग, तुंग, तुंग... बास. लोक म्हनत्यात, “नाना, ह्याच्यात वाजवायचं काय असतंय वो?” वाजवायचं काय न्हाई, लावायचं असतंय. खुंटी पिळायची आन गाणाराच्या गळ्याला तार भिडवायची. त्यातच समदी मेख हाय, आन ती मेख मी आजवर कुनाला सांगितली न्हवती. तुमाला सांगतो. पन तुमच्यापाशीच ठिवा.

गोजरबाईची पट्टी काळी चार, पेटीवरची चवथी काळी, उंच. अख्ख्या तालुक्याला ठाव. खंडोबाच्या बानूच्या गान्यात मेंढरं लांब पांगल्याती आन बानू त्यास्नी हाळी देती, “येऽऽऽ येऽऽऽ”, तर गोजरची ती हाळी अशी वर जायाची की मांडवामागं बांधल्याल्या शेळ्यासुदिक कान टवकारायच्या! लोक त्या हाळीसाठीच यायची. मंग बारा-तेरा वर्सांमागं एक दिस त्या हाळीत तिचा गळा जरासा अडला. एवढासा. कुनाला कळलं न्हाई. मला कळलं, कारन पाठ माझ्याकडं हुती, आन पाठीची शीर ताणली. घरी आली, दोन दिस चुलीम्होरं नुसती बसून.

मंग काय केलं मी? दसऱ्याला नवी तार चढवताना खुंटी बाजरीच्या दाण्याएवढी ढिली ठिवली. दाण्याएवढी! हाळी सुटली फुलासारखी, गोजर खूश. म्होरल्या दसऱ्याला आनखी एक दाना. त्याच्या म्होरल्याला आनखी एक. पेटी आमच्या पार्टीत न्हाईच, मंग पकडनार कोन? तिला वाटतंय गळा व्हता तसाच हाय, लोकास्नी वाटतंय गोजरबाई म्हातारी झाली तरी पट्टी सोडली न्हाई, आन मी मागं उभा... खोटारडा, हातात खुंटी धरून. पन त्या खोट्यावर आमचं घर सुखात चाल्लं हुतं वो!

आन तशात हा हर्षल आला. भिंगारचा. घरातल्या मागल्या खोलीत स्टुडिओ टाकलाय, भित्तीला अंड्याचे ट्रे चिकटवल्यात, मी म्हनलं कोंबड्या कुठायत? म्हनला, “नाना, तुमच्या तुणतुण्याचं सँपल घ्यायचंय. एक दिवस या.”

आता सँपल म्हंजे मला काय ठाव असनार? दवाखान्यात देत्यात ते! तिथं सांगत्यात, सँपल द्यायला उपाशीपोटी या. मी म्हनलं बरं. पहाटं उठलो, गोजर म्हनली, “अवो, भाकरी तरी खा,” मी म्हनलं, “गप, सँपल द्यायचंय,” आन चहाचा घोटसुदिक न घेता यष्टीत बसलो. भिंगारला पोचलो. हर्षल म्हनला, “नाना, चहा?” मी म्हनलं, “आदी सँपल घ्या, मंग चहा.” त्याला वाटलं, केवढी निष्ठा म्हाताऱ्याची!

आन मंग चालू झालं बघा. “नाना, एकदा हळू वाजवा.” तुंग. “थांबा. आवाज पूर्ण विरू द्या. हलू नका. श्वास घेऊ नका.” आता श्वास न घेता मानूस किती तुंग वाजवनार? “आता तसंच परत.” तुंग. “परत.” तुंग. “परत.” मी म्हनलं, भाऊ, एकच तुंग चार बारी कशापायी? तर म्हनला, “नाना, एकच सारखा वाजला की लोकांना कळतं यंत्र आहे. चार वेगळे असले की मशीन आलटून-पालटून वाजवतं. माणूस वाजवतोय असं वाटतं.” म्हंजे मानसाला बसवून मानसागत वाजवून घ्यायचं, का तर मशीन मानसागत वाटावं! मंग मानूसच का न्हाई वाजवत... पन ऱ्हाऊ द्या. चार हळू झाले, चार मध्यम झाले, आन मंग जोराचे. पोटात कावळं वरडायलेत. जोराचा चौथा तुंग वाजवला, आवाज विरतोय, विरतोय, खोलीत समदं चिडीचूप... आन माझ्या पोटात, गुर्रर्रर्र!

मला वाटलं, धरनी पोटात घील तर बरं. पन हर्षल कानाला टोपनं लावून डोळं मिटून बसल्याला! म्हनला, “वा नाना! ह्या लाकडाची घरघर ऐकली? काय पोट आहे हो ह्या वाद्याला!”

पोट हाय खरं.

मंग त्यानं कॉम्पुटरवर सूर मोजायचा एक काटा दाखिवला. म्हनला, “नाना, तुमची तार सुरात नाही. ही काळी चार नाही, काळी तीन पण नाही, पांढरी पाच पण नाही. तुम्ही दोन पट्ट्यांच्या फटीत वाजवताय.” बारा वर्सांची चोरी, आन धरली कुनी? काट्यानं! मी म्हनलं, “हवेनं उतरली आसंल.” तर म्हनला, “काळजी नको, मी सरळ करतो.” आन एक बोट दाबून केली की हो सरळ काळी चार! बारा दसरे मी एकेक दाना खाली आलो, आन हा एका बोटात वर!

मी इचारलं, “भाऊ, परत जरा खाली घ्यायची झाली तर... खुंटी कुठाय?” “सेटिंगमध्ये आहे नाना.”

पंधरा दिसांनी आला की गावात मशीन घिऊन. पार्टीचा म्होरक्या गोरक्षनाथ, त्याच्या पडवीत मांडलं. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, आन दर पट्टीत मी! वरची पट्टी दाबली की मी चिमनीगत, खालची दाबली की रेड्यागत. जोरानं दाबत ग्येलं की दर चौथ्याला ते गुर्रर्र बी येतंय, वर मांजराचं पिल्लू, खाली ट्रॅक्टर! गोरक्षनाथ म्हनला, “आयला, काय जिवंत वाजतंय!” जिवंत न्हाई, उपाशी वाजतंय, पन सांगनार कुनाला?

हर्षल म्हनला, “ह्यात पियानो आहे, साठ व्हायोलिन आहेत.” गोरक्षनाथ म्हनला, “साठ जनांना जेवायला घालायला नको, हे लई ब्येस!” आन एक सांगायचं ऱ्हायलं. पट्टी दाबली की तुंग जरा मागनं येतोय. लांबच्या बांधावर कुनी कुऱ्हाड घालतोय, कुऱ्हाड आदी दिसती आन ठोका मागनं येतो, तसं. मी बोट लावून बघितलं. माझं मलाच ऐकू यायला थांबावं लागलं. तारेला कसं, नखाखाली हालती ती, कळतं. हितं बोटाला काय कळतच न्हाई, परक्या घरचं दार वाजिवल्यागत.

गोरक्षनाथ म्हनला, “नाना, आता तुमी आराम करा. उभं ऱ्हाऊन पाय दुखत्यात तुमचं. तुमी टाळ धरा. पट्टी गोजरमावशीची ठरल्यालीच हाय, काळी चार!” गोजर तवा नुकतीच आल्याली, म्हनली, “व्हय, काळी चारच.” मी म्हनलं, “अगं, जरा खाली...” ती म्हनली, “का? माझा गळा उतरलाय का?” आता ह्याच्यावर कोन नवरा बोलंल, सांगा मला!

कार्यक्रम देवळाली प्रवराकडं, उसाच्या रानातल्या वस्तीवर. देवळावर कळस चढनार, सकाळी धाची येळ. मी टाळ घिऊन बसलो, तुनतुनं घोंगडीत गुंडाळून मांडीखाली. नेलंच मी! मशीनवर हर्षल बसल्याला, त्याच्या कानाशी गेलो, म्हनलं, “भाऊ, हात जोडतो, खुंटी कुठाय ती दाव, दोन दाणे खाली घी.” म्हनला, “दोन दाणे म्हणजे किती सेंट?” सेंट हे त्याचं सूर मोजायचं माप आसंल. मला दाना ठाव, सेंट ठाव न्हाई, त्याला सेंट ठाव, दाना ठाव न्हाई. आन खरं कारन सांगावं तर माईक चालू, गोजर दोन हातावर!

बानूचं गानं लागलं. पयलं कडवं निभलं, पन पाठीची शीर दिसायला लागली मला. दुसऱ्याला मान तानली. आता तिसऱ्यात हाळी. समदा मांडव हाळीकडं कान लावून, आन माझ्या हातातला टाळ ओला. मी म्हनलं, खंडुराया, लाईट घालीव! लाईट काय गेली न्हाई. मेली रोज जाती! आन हर्षल रंगात आला, हाळी आली म्हनून पट्ट्या जोरजोरानं दाबायला लागला, तुंग, तुंग, तुंग, आन कर्ण्यातनं अख्ख्या वस्तीवर... गुर्रर्रर्र!

पोरंठोरं खदाखदा हसली. आन गोजर थांबली. चाळीस वर्सांत गानं चालू आस्ताना पयल्यांदा तिनं तोंड माझ्याकडं फिरिवलं, माईक हातातच, म्हनली, “अवो! हे तर तुमचं पोट! त्या दिशी तुमी दिसभर उपाशी हुता?”

मी टाळ खाली ठिवला.

“बंद करा ते,” ती हर्षलला म्हनली. “उपाशी मानसाला मागं हुबं करून मी गात न्हाई. अवो, ते घोंगडीतलं काढा. मला दिसत न्हाई व्हय?”

तुनतुनं काढलं. खुंटी धरली. मांडव बघतोय, गोरक्षनाथ बघतोय. मी आपली तार आनली त्या फटीत, जिथं बारा वर्सं आमचा मुक्काम हाय. तुंग. आन गोजरनं हाळी घातली. खोटं कशाला बोलू, पयल्यासारखी न्हाई गेली. पन गेली. मेंढरं माघारी वळली असती एवढी गेली.

परत येताना टेम्पोत मी ठरिवलं, आता कबूल करायचं. म्हनलं, “गोजर, बारा वर्सं मी तार खाली लावतोय. तुझा गळा...” ती म्हनली, “ठाव हाय मला.” म्हनलं, “कसं काय?” “कसं काय काय! मला वाटलं तुमचा कान उतरला. दर दसऱ्याला तार खालीच लागती म्हाताऱ्याची. म्हनलं बोलून दाखिवलं तर मन मोडंल, तुनतुनं टाकून देतील. म्हनून मीच खाली येत गेले तुमच्या मागं.”

“मंग आज मान का तानली व्हती?”

“वरची सवय ऱ्हायली न्हाई. तुमीच मोडली!”

आता सांगा! उतरलं कोन? तिचा गळा का माझा कान? टेम्पोत पार कर्जतपत्तोर भांडलो, छडा लागला न्हाई. छडा लावायचा म्हंजे त्या काट्याम्होरं दोघास्नीबी हुबं ऱ्हावं लागंल, आन ते नगं. फटीत बरं हाय.

काल हर्षलचा फोन. म्हनला, “नाना, चूक झाली, सगळं परत घेऊ. पण ह्या वेळी जेवून या.” गोजरनं लगेच बेत ठरिवला, निघायच्या पहाटं चार भाकरी, पिठलं, ठेचा. मी म्हनलं, “अगं, एवढं खाऊन गेलो तर तुंगाच्या मागं ढेकर यील की!” ती म्हनली, “यिऊ द्या. मला कळलं तर पायजे, मागं कोन उभं हाय ते.”

तवा उंद्या पहाटं चाललोय भिंगारला, भरल्या पोटानं. तुनतुन्यासंगं एक जुनी खुंटीबी घेतलीया पिशवीत. कुठं बसवायची ते ठाव न्हाई... पन त्या बिचाऱ्या मशीनला एक तरी असू द्या!