योएल मास्तरांचा एलीया

मंडळी, झांज जरा थांबवा अन् ऐका! संदेष्टा एलीया परत येणार, असं जुन्या करारात वचन. पुढे बाप्तिस्मा देणारा योहान आला. लोकांनी विचारलं, "तू एलीया आहेस का?" तो म्हणाला, "नाही!" अन् प्रभू येशू म्हणाला, "तोच एलीया!" आता बोला! खोटं कोण?

काय, घाबरलात!

नगरकडच्या एका गावात योएल मास्तर होते. पेन्शनीत निघालेले, एकटे. बायको हन्ना देवाघरी गेलेली. शास्त्र तोंडपाठ! या दोन वचनांखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीने अशा रेघा ओढल्या, की कागद फाटून रेघ पार बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात निघाली! दारात माणूस आला की पाणी नाही – प्रश्न! तीन पाद्री हरले. चौथ्याची तर सायकलच त्या गल्लीशी आली की आपोआप वळायची! हळूहळू कुणी येईना. अन् मास्तर हट्टी – "उत्तर मिळेपर्यंत मंडळीच्या पंगतीला बसणार नाही!"

नऊ वर्षं! सुगीच्या सणाला प्रभूच्या देवळातून गाणं ऐकू यायचं, अन् हे बंद दाराआड सूर धरायचे. अगदी हळू. कुणाला कळू नये म्हणून.

यंदा सणाच्या दुपारी कडी वाजली. दारात रूथ – लेवी आढावची दुसरेपणाची बायको, गावात नवी. हातात झाकलेलं ताट.

"मास्तर, जेवून घ्या. गरम आहे."

"आधी सांग! योहान नाही म्हणतो, प्रभू हो म्हणतो. खरं कोण?"

"मला वाचता येत नाही, बाबा."

"मग ने ताट परत!"

ती गेली नाही. उंबऱ्यावर टेकली. पदराने माश्या वारीत म्हणाली, "आमच्या घरी पण असंच आहे बघा. ह्यांची पहिलीची पोर आहे, शलोमी. बायका विचारतात, तू शलोमीची आई का? मी म्हणते, नाही बाई. तिची आई वारली, त्या माउलीची जागा मी कशी घेऊ? अन् पोर सगळ्यांना सांगते – हीच माझी आई! सांगा मास्तर, आमच्यात खोटं कोण बोलतं?"

मास्तरांना प्रभूचं अख्खं बोलणं आठवलं – स्वीकारायची तयारी असेल तर तोच एलीया. ‘तयारी असेल तर!’ नऊ वर्षं वाचलं, पण रेघ तेवढी त्याच्याखाली नव्हती!

तुम्हाला वाटलं, मास्तर नाचले? छे! घाबरले, मंडळी! प्रश्न सुटला – आता माणूस दारात थांबवायचा कशाच्या निमित्ताने?

रूथ उठली. "येते मी."

"थांब..." मास्तरांनी ताट हातात घेतलं. "प्रश्न नाही काही. नुसतं बस. माझं जेवण होईतो."

"त्यात काय एवढं!" म्हणाली, अन् बसली.

मंडळी, वचनं दोन्ही खरी. आलेला स्वतःला एलीया म्हणवत नाही. ते दार उघडणाऱ्याने म्हणायचं असतं. पण दार वाजवायला कुणी जायला नको? मास्तरांच्या गावची अख्खी मंडळी शास्त्र वाचणारी होती! अन् तुमच्या आळीतला तो कटकट्या म्हातारा – भांडतो कशासाठी, कधी विचारलंत? ए, मागच्या बाकावरचे, डुलक्या पुरे – तुमच्याशीच बोलतोय!

आज ‘आमेन’ मी म्हणत नाही. आधी त्या म्हाताऱ्याकडे जाऊन या. मग त्याला घेऊनच म्हणू.