भोपळ्याची बिअर

ऑक्टोबर १९८७. सिएटलजवळच्या एका छोट्या ब्रूअरीत बिअर चाखायची रांग होती. माझ्या पुढे एक मराठी तरुण आणि त्याचे नागपूरहून आलेले वडील. मागची बाई मराठी असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"बाबा, जबरदस्ती नाही हं. कोक आणू का?"

"आलोच आहे, तर जिभेला लावून बघतो. आयुष्यात पहिल्यांदाच. कसली आहे ही?"

"भोपळ्याची. सीझनल आहे, फक्त फॉलमध्ये करतात."

"भोपळ्याचे घारगे करतात रे!"

"ट्राय तर करा. मग दहापैकी मार्क द्यायचे. चिअर्स!"

"थांब जरा... हां. चिअर्स."

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बोट बुडवून जमिनीवर थेंब उडवलेत."

"चिलट पडलं होतं."

"बरं. किती मार्क?"

"पाच. दालचिनी जास्त झालीय. आणि कडक नाही."

"कशापेक्षा कडक नाही?"

"हा ग्लास कुठे ठेवायचा रे?"

"बाबा, असे थेंब नेहमीचे पिणारे उडवतात."

"नेहमी नाही. शनिवारी फक्त. गच्चीवर."

"आणि माझ्या तोंडाला एकदा वास आला, तर मला जिन्यात झोपवलंत!"

"तू कॉलेजात होतास."

"आई तर अजूनही शपथेवर सांगते, आमच्या ह्यांनी कधी थेंबही घेतला नाही."

"मग शेंगदाणे कोण तळून द्यायचं?"