अपांतेसिस, अर्थात शिवेवरचा बँड

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. पाहुणा यायचा असला, की आपण कुठं असावं? घरात? ओसरीवर? की न्हाणीत – जिथं आमचे मेव्हणे नेमके त्याच वेळी असतात?

हसू नका, प्रश्न गंभीर आहे. मेव्हणेही गंभीर आहेत.

ग्रीक भाषेत एक शब्द आहे – अपांतेसिस! घाबरू नका, पित्तावरचं औषध नव्हे. बायबलच्या नव्या करारातला शब्द आहे. अर्थ – सामोरं जाऊन भेटणं. त्या काळी राजा, सुभेदार यायचा म्हटला, की लोक वेशीत बसून जांभया देत नसत. बाहेर जायचे, वाटेत गाठायचे, आणि त्याला घेऊन परत फिरायचे! घेऊन – हे ध्यानात ठेवा. नुसतं जाऊन, बघून, हात हलवत परत आलात, तर ती अपांतेसिस नाही. ती शतपावली!

येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या निघाल्या, तिथं हा शब्द. प्रभू येईल तेव्हा आपण त्याला सामोरे जाऊ, असं प्रेषित पौल लिहितो, तिथंही हाच. आणखी एक जागा आहे. ती खिशात ठेवलीय. आधी टेक धरा –

येणाऱ्याला जावे सामोरे।
परतू नये रिकाम्या करे॥

तर आमची भेंडवाडी. माझं गाव, म्हणून मान ताठ करून सांगतो – पंचक्रोशीत बँड होता तो आमच्याच ख्रिस्ती मंडळीचा! दाऊद आल्हाट बँडमास्तर. धाकटा भाऊ शद्रख क्लॅरिनेटवर. एकदा ऐन वरातीत दाऊद सगळ्यांदेखत ओरडला, "अरे, तुझ्यापेक्षा नवरदेवाचं घोडं सुरात खिंकाळतं!"

घोड्याला बरं वाटलं. शद्रखला नाही. त्यानं क्लॅरिनेट पिशवीत घातलं आणि थेट इचलकरंजी गाठली. कापडाच्या मागावर कामाला लागला.

मागं बँडचं काय झालं? ढोल आहे, झांजा आहेत, एक कर्णा आहे – चाल नाही! कोणतं गीत चाललंय ते लोक श्रद्धेनं मानायचे. लग्नात जे वाजे तेच मयतीला, फक्त सावकाश.

आणि म्हातारी आई, रिबेकाबाई? तिची रोज एकच प्रार्थना – "देवा, डोळे मिटायच्या आत दोघं एका ताटावर दिसू दे." दाऊद म्हणे, "तो येऊन पाया पडला तर." तिकडून शद्रखचा निरोप, "दादा न्यायला आला तर." आल्हाटांचा ताठा हो! विळी वाकेल, आल्हाट वाकायचा नाही!

अशात नव्या देवळाच्या प्रतिष्ठापनेला बिशपसाहेब यायचे ठरले. साधा माणूस, म्हणाले एसटीनं येतो. पाळकबाबांनी रविवारी उपदेशात हाच शब्द सांगितला – अपांतेसिस! झालं! सगळी वाडी निघाली शिवेवर, फाट्यावर. मागं देवळात एकटी रिबेकाबाई – गुडघ्यांनी संप केला होता. दाऊदनं बँडला बजावलं, "एसटीचं दार उघडलं, की वाजवायचं! कुणाचं ऐकायचं नाही!"

एसटी आली. दार उघडलं. धडाडधूम! आणि उतरली कोण?

शेळी!

बँड थांबेना – मास्तरचा हुकूम! पाळकबाबा गुच्छ घेऊन पुढं वाकलेले. शेळीनं तो तिथंच, सन्मानपूर्वक, खाल्ला. शेळीमागं तिचा मालक. आणि त्याच्यामागं, बगलेत पिशवी धरून – शद्रख! आई थकल्याचं कानावर गेलं होतं, म्हणून ताठा गिळून निघाला होता. घंटी वाजली, एसटी गेली. बिशपसाहेब? त्यांची एसटी चुकली, ते कालव्याच्या वाटेनं दुधाच्या टेम्पोत बसून केव्हाच देवळात पोचलेले. रिबेकाबाईंसोबत शेंगदाण्याचा लाडू खात होते!

पण शिवेवर हे कुणाला ठाऊक? बँड थांबला. शद्रख बघतोय – सगळा गाव, पताका, आणि समोर दादा, हातात झेंडूचा हा एवढा हार! पोराचे डोळे भरले.

"दादा... मला न्यायला आलास?"

मंडळी! आता दाऊदनं काय म्हणावं? 'नाही रे, हा मान बिशपसाहेबांचा'? खरंच होतं ते. पण आता खिशातली जागा काढतो. पौल रोमला निघाला, तेव्हा रोमचे बंधू कितीतरी कोस चालून त्याला सामोरे आले – तिथं हाच शब्द! राजासाठी वापरायचा तो! आणि पौल कोण होता त्या वेळी? कैदी! हातात बेडी! त्यांना बघून त्यानं देवाची उपकारस्तुती केली, त्याला धीर आला.

दाऊदनं हाराकडं पाहिलं. भावाकडं पाहिलं. ताठा जसाच्या तसा –

"मग काय शेळीला आलो?"

आणि घातला की हार! घातला कसा? बैलाच्या मानेवर जू टाकावं तसा. शद्रख पाया पडायला वाकला, तर मध्येच धरला. "वाकू नकोस. आल्हाट आहेस. सूर लाव. गाव नुसता ढोल ऐकून बहिरं झालंय."

क्लॅरिनेट निघालं. वरात फिरली. इकडं देवळात रिबेकाबाईंनी कान टवकारले. "साहेब, हा माझा शद्रख! सूर तसाच – चुकतोय!" म्हातारी उठली! बिशपसाहेबांनी हात दिला, आणि दोघं रस्त्यावर – सामोरे!

पाळकबाबा घामाघूम. "साहेब, क्षमा करा, तो हार खरं तर आपला..."

बिशपसाहेब म्हणाले, "असू द्या हो. मला रस्ता सापडला होता."

त्या दिवशी एका ताटावर दोघं भाऊ जेवले, आणि आई वाढत नव्हती – नुसती बघत होती. ही माझी भेंडवाडी! आहे का दुसरी? ढोल बेताल, क्लॅरिनेट बेसूर, पण सामोरं जाण्यात आमचा हात कुणी धरावा!

आता तुमच्याकडं येतो. मघापासून बघतोय – तिथं मागं, दारात, चप्पल न काढता एक जण उभा आहे. तुम्ही सगळे ओळखता त्याला, बोलणं टाकलंय त्याच्याशी, म्हणून तर कुणी मागं वळून बघत नाही. बसल्या जागेवरून 'या, या' म्हणू नका!

उठा.