टबातली होडी

बाबांची भौतिकशास्त्र विभागातली खोली रिकामी करण्याची परवानगी हवी होती, म्हणून मी विद्यापीठाच्या कार्यालयात रांगेत उभी होते. माझ्यापुढे बाबांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातल्या दोन मुली होत्या.

“अगं, एवढ्यावरून कोणी भौतिकशास्त्र सोडतं का?”

“टबात होडी, होडीत दगड. दगड उचलून टबात टाकला, तर पाणी चढेल की उतरेल? एवढं सांगून टाकलं असतं तर सरांचं काय बिघडलं असतं?”

“सर कधी सांगायचे? हात वर करा, शेजारणीला पटवा, पुन्हा हात वर करा.”

“मी चढेल म्हणत होते. तू पटवलंस म्हणून उतरेल म्हणाले.”

“नवीन बाईंनी फळ्यावर लिहिलं ना, उतरेल. मग झालं तर.”

“का उतरेल?”

“ते मला काय विचारतेस?”

“तूच तर पटवलंस मला.”

“मी नुसती जोरात बोलते गं.”

“सर सोमवारी टब आणणार होते. शनिवारीच गेले. इतकं मोठं संशोधन केलेला माणूस, पण आपल्यासाठी टब घासून ठेवला होता म्हणे. आता उत्तर पाठ आहे, आणि मला काही म्हणता काही कळत नाही.”

“पुढे सरक. तुझा नंबर आला.”

“बोला, कोणता विषय बदलायचाय?” खिडकीतल्या कारकुनांनी विचारलं.

“बदलायचा... नाही, थांबा. सरांच्या खोलीतला टब मिळेल का? तासाभरासाठी.”

“तिथलं सामान आता त्यांच्या मुलीचं. तिला विचारा.”

“ती कुठे भेटेल?”