अस्वलाचं शेवटचं पान

आता कारणही सांगायचं? पुस्तक परत करायला आलोय, काउंटरवर ठेवलंय, फाटलेलं नाही, चघळलेलं नाही — एवढं पुरत नाही का तुम्हाला? जोडे परत आणले असते तर चावतात म्हणून सांगितलं असतं. पुस्तकाचं काय सांगू? नाही, पैसे नकोत. बदलूनही नको. बरं बाई, सांगतो. मालकाने विचारायला बसवलंय तुला, तर ऐक — पण मग म्हणू नकोस, म्हातारा बडबडतो म्हणून. तसं म्हणणारे घरी आहेत.

हे काय चिकटवलंय कोपऱ्यात, सोनेरी? ‘लहान मुलांसाठी शिफारस’. कुणी केली शिफारस? मुलांनी? बालवाडीच्या बाईंनी यादी दिली आणि सूनबाईने तुमच्याकडूनच गठ्ठा उचलून आणला. त्यातली दोन-तीन तिने वाचून दाखवली, म्हटलं, ऐकू तरी. शी! हत्ती रडतोय — का? तर त्याला कसंतरी वाटतंय. अख्खं पुस्तकभर कसंतरी वाटतंय, शेवटी एक चिमणी येते आणि म्हणते, वाटू दे. झालं! संपलं! लांडगा गाजर खातो. वाघ दात घासतो आणि सगळ्यांना सॉरी म्हणून झोपतो. कुणी कुणाला खात नाही, कुणाचं डोकं फुटत नाही, कुणाला एक कानाखाली बसत नाही. पाकात बुडवून काढलेली जनावरं नुसती! आणि सगळ्यांच्या अंगात स्वेटर, खाली चड्डीचा पत्ता नाही!

त्यातल्या त्यात हे अस्वल बरं होतं. पाठीत वाकलेलं, तोंड माझ्यासारखं आंबट. माझी नात — भिंगरी म्हणतो मी तिला, एका जागी ठरेल तर शपथ — आईबाप कामावरून येईपर्यंत ती माझ्याकडे असते. म्हणाली, आजोबा, हे वाचा. मी कसला वाचतोय! उभा जन्म ट्रक चालवला. पाट्या कळतात — पुढे वळण, सावकाश, थांबा. जोडाक्षर आलं की आमची गाडी बंद. पण चित्रं होती की! चित्राला काय शाळा लागते? लागलो सांगायला. हे अस्वल ट्रक चालवायचं — हो, चित्रात ट्रक नाही, माहीत आहे मला, पण घाट आहे ना? एवढ्या घाटात ते पायी कशाला जाईल? तर ते म्हातारं होतं, खोकतं, आणि त्याचा मुलगा म्हणतो, बाबा, आमची झोप मोडते, तुम्ही मागच्या खोलीत झोपत जा. त्या खोलीत काय — सायकली, रंगाचे रिकामे डबे, खिडकी उघडली की शेजारच्या भिंतीला नाक लागतं. अस्वल उठतं. टोपी घालतं आणि निघून जातं धुक्यात. हे बघ, आहे की नाही धुकं? मग मी खोटं काय सांगितलं? भिंगरी रोज तेच मागायची. मांडीवर बसून, अंगठा तोंडात. आमच्या घरात माझ्याकडे कुणी काही मागतं, ते तेवढंच.

मग बालवाडीत तो कार्यक्रम झाला, पुस्तकवाचनाचा. आईबाप, आजी-आजोबा, सगळे आपले चटईवर गुडघे मोडून बसलेले. बाईंनी नेमकं हेच काढलं. गळ्यात मध ओतल्यासारखं वाचायला लागल्या — अस्वलबाबा मुलावर रुसले आणि फुलं आणायला निघाले. फुलं! भिंगरी ताडकन उभी. ‘चूक! त्याच्या मुलाने त्याला सायकलींच्या खोलीत टाकलं, म्हणून ते गेलं!’  आता पुस्तकात सायकली आहेत कुठे? लोकांना काय कळायचं ते कळलं. माझा मुलगा तिथेच बसला होता. आधी तांबडा झाला, मग हसला. हसून बाईंना म्हणतो, ‘मनावर घेऊ नका. त्यांना वाचता येत नाही, तोंडाला येईल ते सांगत बसतात.’ भिंगरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला तोवर वाटायचं — आजोबा वाचतात.

काही नाही. धूळ आहे तुमच्या दुकानात, झाडत नाही का कुणी?

शेवटचं पान ना? अगं, तेच तर कारण! मी ते कधी उघडायचोच नाही. शेवटची दोन पानं चिमटीत धरायचो आणि मिटून टाकायचो. अस्वल गेलं, गोष्ट संपली. त्या पानावर दार आहे, उजेड आहे, म्हातारं परत आलंय — बघूनच किळस यायची. परवा ही भिंगरी बया पुस्तक घेऊन आली. आता अक्षरं लावायला लागलीये, कार्टी. एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, मलाच वाचून दाखवलं. मुलगा दार उघडतो आणि म्हणतो, ‘बाबा, चुकलं माझं. आत या.’ आणि मला विचारते, ‘आजोबा, असं लिहिलंय म्हणजे हे खरं ना?’ काय सांगू मी तिला? सांग ना, तू शिकलेली आहेस! तर कारण हे — शेवटचं पान खोटं आहे. लहान पोरांना असं फसवू नये.

काय? भिंगरी शोधेल पुस्तक? शोधू दे. बालवाडी सुटायची वेळ झाली, येईल आता, आल्या आल्या दप्तर फेकेल आणि — ती वाचणार आणि मी चित्रं सांगणार, असं ठरवलंय तिने. मला न विचारता. दे. दे इकडे ते, पिशवी नको, काखेत धरतो.

आणि तू कशाला माफ करा म्हणतेस गं? तू काय केलंस? बालवाडीच्या बाई वाटेत भेटल्या, खाली मान घालून म्हणाल्या, चुकलं आमचं. सूनबाईने न बोलता सायकली बाहेर काढून ठेवल्या. सगळे मोकळे झाले. एकाचं राहिलंय. भिंगरीच्या बापाचं. माझ्या पोराचं.